डोहातले पटकेवाले

सरांनी मला विचारलं तेव्हा मी प्रयोगशाळेतल्या स्लाइड पुसून कपाटात लावत होते. “मॅडम, चार-आठ दिवस तुमचे डोळे उसने पाहिजेत,” ते म्हणाले. मला आधी चेष्टा वाटली. सर चेष्टा करायचे ती तोंड गंभीर ठेवूनच. पण त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर एक पिवळा पडलेला ड्रॉइंगचा कागद उलगडला.

केजच्या कॉलेजात आम्ही दोघंच प्राणिशास्त्र शिकवायचो. ते विभागप्रमुख, मी त्यांच्याहून बरीच लहान. साखरेच्या आजारानं त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला होता. माणसं ओळखू यायची, रस्ता दिसायचा, फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिताही यायचं. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र नुसतं धुकं. त्या उन्हाळ्यानंतर ते निवृत्त होणार होते.

कागदावर एका किड्याच्या पोटाचं टोक काढलेलं होतं. इंग्रजीत त्याला मेफ्लाय म्हणतात. मराठीत सगळ्यांनी मानलेलं नाव नाही. आमच्याकडे दिव्यावर येईल ते पाखरू. नाव मे महिन्याचं असलं तरी आमच्या मे महिन्यात या नाजूक जिवाचं काय होत असेल, याचा विचार नाव ठेवणाऱ्यानं केलेला नाही. पिल्लं पाण्यात वाढतात, पंख फुटले की बाहेर येतात आणि त्यानंतर काही खात नाहीत, कारण खाण्यासारखं तोंडच उरत नाही. जोडीदार गाठायचा, अंडी टाकायची, की संपलं.

अडचण अशी की यांच्या कित्येक जातींची पिल्लं आणि माद्या जवळजवळ सारख्याच दिसतात. जात ठरवायची तर पूर्ण वाढलेला नर लागतो. त्याच्या पोटाच्या टोकाला मादीला धरून ठेवायला दोन बारीक चिमटे असतात. चिमट्याला सांधे किती, शेवटचा सांधा केवढा, दोन चिमट्यांच्या मधला उंचवटा कसा, हे पाहून नाव ठरतं.

सरांना पूर्वी नदीतल्या एका डोहावर असा एक नर मिळाला होता. आमच्या भागात सगळीकडे आढळणाऱ्या जातीत चिमट्याचा शेवटचा सांधा बाजरीच्या दाण्यासारखा बुटका असतो. सरांच्या नराचा लांबट होता. त्यांनी चित्र काढलं आणि नमुना बाटलीत ठेवला. पुढे झाकण सैल होऊन स्पिरिट उडालं, नमुन्याचा भुगा झाला. एका चित्रावर कुणी नवी जात मानत नाही. पुन्हा जाऊ, पुन्हा जाऊ म्हणत परीक्षा आल्या, मुलींची लग्नं आली, मग डोळे गेले.

“यंदाच का पण?” मी विचारलं.

“कारण पुढच्या वर्षी डोह नसणार.”

दोन पावसाळे कोरडे गेले होते. नदीच्या पात्रात त्या डोहाशिवाय पाणी नव्हतं आणि डोहाच्या काठावर दूध सहकारी संस्थेनं जनावरांची छावणी उघडली होती. टँकरचा भरवसा नव्हता, म्हणून संस्था डोहात पाणी उपसायची मोटार टाकणार होती. सरांचं म्हणणं एवढंच होतं की ती जात खरंच वेगळी निघाली आणि फक्त तिथंच असली, तर डोहाचं शेवाळाकडचं एक टोक राखून ठेवा म्हणून संस्थेला विनवायचं. वेगळी नसेल तर विनवायला तोंड नाही. म्हणजे मोटार सुरू व्हायच्या आत नर सापडायला हवा होता आणि तो बघायला कुणीतरी हवं होतं.

मी कागदाच्या मागच्या बाजूला सामान लिहायला घेतलं. जाळी, बाटल्या, ग्लिसरीन, सुया, स्लाइड, पांढरी चादर, गॅसबत्ती, मच्छरदाणीचं कापड, रबरबँड. सर म्हणाले, “म्हणजे येताय.”

आम्ही सूक्ष्मदर्शक उशांच्या दोन अभ्र्यांत गुंडाळून काळीपिवळी जीपमधून नेला. तो माझ्या मांडीवर होता. शेजारच्या बाईंनी विचारलं, “बाळ हाय का?” मी म्हटलं, त्याहून नाजूक आहे. त्यांनी आपली पिशवी उचलून पायाशी घेतली आणि मला जागा करून दिली.

छावणीत पाचटाच्या सावलीखाली दावणीमागून दावणी लागल्या होत्या. तेलगावकडून उसाच्या वाढ्याचा, म्हणजे हिरव्या शेंड्यांच्या चाऱ्याचा ट्रक नुकताच आला होता आणि मोळ्या उतरत होत्या. संस्थेचा चेअरमन सरांचा जुना विद्यार्थी. त्यानं वाकून पाया पडून घेतलं आणि लगेच आमच्या गाठोड्याकडे पाहिलं.

“सर, आता काय कापायचंय? बारावीला तुमी मला बेडूक कापायला लावलतं. मी चक्कर येऊन पडलतो.”

“पडला नव्हतास. भिंतीला टेकला होतास.”

“टेकलतो तर टेकलतो. पर पोरी हासल्या ना समद्या.”

सरांनी त्याला सगळं सांगितलं, काही न लपवता. शेवटी हेही सांगितलं की किडा वेगळा निघाला तर एक टोक मागणार आहे. चेअरमननं ऐकून घेतलं. टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

“सर, तुमच्या शब्दाबाहीर मी न्हाई. पर जनावरं माझी एकट्याची न्हाईत. सभासदांची हायती. बाजाराच्या दिवसापस्तोर मोटार बसवत न्हाई. तवर टँकरवर भागवतो. पुढं तुमी माझ्याकडं बघायचं न्हाई आन् मी तुमच्याकडं.”

बाजाराला तीन दिवस होते. संध्याकाळ व्हायच्या आत मी डोहाच्या काठाला दोन काठ्या रोवून चादर बांधली आणि मागं गॅसबत्ती ठेवली. छावणीतली माणसं भोवती जमली. आम्हाला नर हवेत, हे चेअरमननं सगळ्यांना ओरडून सांगितलंच होतं. मी सरांना कोरड्या दगडावर बसवत होते, जाळीचा दांडा सैल झाला होता तो आवळत होते, तेवढ्यात मंडळींनी काम हातात घेतलंसुद्धा. त्यांच्यात पुढं होत्या त्या दोन म्हशी घेऊन छावणीत राहिलेल्या एक मावशी. उंच, काटक, बोलायला फटकळ. त्यांनी दुधाच्या नमुन्याची स्वच्छ धुतलेली बाटली माझ्या हातात दिली. आत पंधरा-वीस किडे फडफडत होते.

“हे घ्या तुमचे नर. एकेक निवडून घेतलाय. बारके समदे सोडून दिले.”

“बारके का सोडले, मावशी?”

“बारक्या माद्या. ह्यो बघा, कसा वळूवानी हाय. पोट बघा त्याचं.”

मी बाटली बत्तीपुढं धरली. सगळ्याच्या सगळ्या माद्या होत्या.

“मावशी, ते पोट अंड्यांनी भरलंय.”

चेअरमन मांडीवर थाप मारून हसायला लागला. “म्हंजी आपुन समद्या गाभण्या गोळा केल्या व्हय! आन् वळू दिले सोडून!”

यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. जन्मभर ज्यांनी गोठा पाहिला त्यांना नर म्हणजे मोठा, जाड मानेचा, हेच ठाऊक. ओळख न सांगता कामाला लावणं ही उलटी पद्धत होती. मी सगळ्यांना चादरीजवळ बसवलं आणि वर्गात सांगते तसं सांगायला लागले. यांच्यात नर बारीक आणि सडपातळ असतो. पुढचे पाय लांब, मादीला खालून धरता यावं म्हणून. आणि डोळे. मादीचे डोळे साधे, दोन बाजूंना. नराच्या डोळ्यांवर आणखी एक मजला चढवलेला असतो, विटकरी रंगाचा, डोक्यावर गुंडाळून ठेवल्यासारखा.

“पटका बांधल्यावानी?” मावशींनी विचारलं.

“अगदी तसा.”

“मंग असं म्हणा की. पटकेवाला धरा म्हणलं आसतं तर एक चुकला नसता.”

“आणि पोटाच्या टोकाला,” मी म्हणाले आणि थांबले. समोर सगळे बाप्ये बसलेले. “टोकाला दोन, म्हणजे, मादीला पकडायला...”

“मॅडम, आमी रेड्याकडं नेऊन म्हशी भरवून आणतो,” मावशी म्हणाल्या. “लाजता कावून? सांगा सरळ.”

सर दगडावर बसून खाली मान घालून हसत होते. मी सरळ सांगितलं.

दुसऱ्या संध्याकाळी पटकेवाले मिळाले. मात्र त्या दिवशी टँकर आला नव्हता. हौदांच्या तळाला ओंजळभर पाणी होतं, जनावरं ओरडत होती. डोह पन्नास पावलांवर दिसत होता आणि मोटार बारदानात गुंडाळून काठावर पडली होती. पाण्याजवळच्या गाळात जनावर रुतायचं, म्हणून लोक डोहातून घागरींनी पाणी आणून जमेल तेवढ्या जनावरांना पाजत होते. चेअरमनला दोघातिघांनी बाजूला घेऊन बरंच ऐकवलं, हात हलत होते ते मला दिसत होतं. तो फक्त मान हलवत होता. त्यानं शब्द मोडला नाही.

मावशी मात्र चादरीपाशी आल्या, त्या डोक्यावर घागर घेऊनच. “मॅडम, तुमच्या किड्याला तहान लागती का?”

“नाही, मावशी. पंख फुटल्यावर त्याला तोंडच नसतं.”

“माझ्या म्हशीला हाय.”

एवढं बोलून त्यांनी घागर उतरवली, चादरीवरून दोन पटकेवाले अलगद बोटावर घेतले, माझ्या डब्यात सोडले आणि परत घागर उचलून गेल्या. सरांनी ते ऐकलं होतं. नंतर बराच वेळ ते हातातली काठी वाळूत फिरवत राहिले.

नर मिळाले तरी काम झालं नव्हतं. त्यांचे पंख राखाडी, धुरकट होते. याचा अर्थ ते अजून पुरते वाढलेले नव्हते. पंख फुटल्यानंतर पुन्हा एकदा कात टाकणारा किडा हा एवढाच. पाण्यातली शेवटची कात टाकून वर येतो तो उपप्रौढ. उडतो, पण चिमटे कच्चे असतात. रातोरात आणखी एक कात टाकतो, तेव्हा पंख काचेसारखे होतात आणि चिमट्यांना खरा आकार येतो. घाईनं स्पिरिटमध्ये बुडवला तर कच्चाच राहतो. जिवंत ठेवावा तर आमच्याकडच्या उन्हाळ्यात तो पाचटाखाली सकाळपर्यंत टिकत नाही.

छावणीत गार जागा एकच होती, ती म्हणजे दूध संकलन केंद्राची खोली. तिथं दूध थंड करायची टाकी होती. मी चेअरमनला विचारलं, डबे रात्रभर टाकीच्या शेजारी ठेवले तर चालेल का. तो दिवसभर बोलणी खाऊन दमला होता.

“दुधात पडणार न्हाईत ना?”

“जाळीचं कापड बांधलंय. वर दोन रबरबँड.”

“मंग ठेवा. आज त्यास्नीच तेवढा गारवा घेऊ द्या.”

प्रत्येक डब्यात मी बाभळीची एक काडी उभी केली, कात टाकताना पाय रोवायला. तळाशी ओल्या कापसाचा बोळा. सरांना मी हात धरून खोलीत आणलं. त्यांनी डब्यांवरून बोटं फिरवली, जाळी ताणलेली आहे का ते पाहिलं आणि कोपऱ्यातल्या बाकावर बसले. मला चेअरमनच्या घरी पाठवून ते तिथंच झोपले. केंद्रातल्या माणसानं सकाळी सांगितलं की सर झोपले नाहीत, नुसते आडवे पडले होते.

सकाळी दूध घालायला येणाऱ्यांची रांग लागायच्या आत मी पोचले. फॅट काढायच्या टेबलावर खिडकीपाशी सूक्ष्मदर्शक मांडला, आरसा उन्हाकडे वळवला. डब्यांत काड्यांना पांढऱ्या काती चिकटल्या होत्या, अगदी पायांच्या मोज्यांसकट. शेजारी काचेच्या पंखांचे नर बसले होते. एक बिचारा कापसाला चिकटून राहिला होता. त्याची कात निघालीच नाही, राखाडी पंखांतच मेला होता.

मी एका नराच्या पोटाचं टोक सुईनं वेगळं केलं, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवलं, काच टाकली. सर माझ्या शेजारी उभे राहिले. हातात चित्र होतं. ते त्यांना दिसत नव्हतं, पाठ होतं.

“सांधे किती?”

“तीन.”

“पहिला?”

“जाड. बुडाशी रुंद.”

“मधे उंचवटा?”

“आहे. त्रिकोणी, टोक बोथट.”

“शेवटचा?”

मी फोकस पुन्हा बसवला. घाई करायची नव्हती. “बुटका आहे, सर. बाजरीचा दाणा.”

“दुसरा घ्या.”

दुसरा घेतला, तिसरा घेतला. सगळ्यांचा बुटका. सर दर वेळी तेच प्रश्न त्याच क्रमानं विचारत होते आणि दर वेळी शेवटच्या प्रश्नाआधी थोडं थांबत होते. मागं लोक कॅन घेऊन जमू लागले होते. चेअरमनही त्यांच्यात येऊन उभा होता.

“चित्रात तर लांब आहे,” सर म्हणाले. “मी पाहिलाय तो लांब. तेव्हा माझे डोळे चांगले होते.”

मी तो कापसावर मेलेला उपप्रौढ उचलला. त्याचं टोक स्लाइडवर घेतलं आणि चित्र शेजारी धरलं. सांधे तीनच, पण शेवटच्या दोहोंमधली खाच अजून नीट पडलेली नव्हती. ती बरीच मागं असल्यासारखी दिसत होती, म्हणून शेवटचा सांधा लांबट. चित्रातली रेघ आणि काचेखालची रेघ तंतोतंत जुळत होती.

“सर,” मी म्हणाले, “तुमचा नर इथं आहे. हुबेहूब. पण हा कात न टाकलेला आहे.”

त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. ते खुर्ची शोधायला लागले, चेअरमननं ती पुढं सरकवली. बसल्यावर काही वेळानं त्यांनी स्वतःशीच बोलल्यासारखं विचारलं, “पंख कसे होते त्याचे?” आणि उत्तरही त्यांनीच दिलं. “पंख नव्हतेच. जाळीतून काढताना तुटले होते. मी पंख पाहिलेच नाहीत. चिमटे पाहून हुरळलो.”

“एकच नमुना होता, सर. कुणालाही तसंच वाटलं असतं.”

“मुलांना मी काय शिकवतो? आधी पंख बघा.”

त्यांनी चित्राची घडी घातली, नीट, जुन्या घडीवरच. आमच्या पाठीमागं मावशी चरवी घेऊन उभ्या होत्या. त्यांना शास्त्र कळलं नसेल, पण सरांचा चेहरा दिसत होता. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “घावला न्हाई का सर तुमचा?”

“घावला, मावशी. पण तो वेगळा नाही निघाला. साधाच आहे. केजच्या तळ्यात आहे, विहिरीत आहे, कुठंही आहे.”

“मंग चांगलंच की वो ते. एकाच डव्हात राहिला आसता तर मेला आसता ना यंदा.”

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटतं, तोपर्यंत त्यांच्या मनात त्या गोष्टीची ही बाजू आलीच नव्हती, माझ्याही नाही. नवी जात गेली याचंच आम्ही दोघं सुतक धरून बसलो होतो. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून सदऱ्याला पुसला, उगाचच, कारण पुसून त्यांना काही जास्त दिसणार नव्हतं.

मग ते उठले. “चल,” चेअरमनला म्हणाले, “मोटार बसव.”

“बाजार उद्या हाय, सर. शब्द शब्द असतो. उद्या बसवू. एखादं टोक राखायचं तर तसंबी बघू, पाइप वरच्या अंगाला घेतो.”

“टोकाची गरज नाही. मी मागणार होतो ते त्याच्यासाठी. आता मागायला कारण उरलं नाही. आज बसव, आत्ता.”

“सर, रागानं म्हणताय का?”

“तुला बेडूक कापायला लावला तेव्हा रागानं लावला होता का?”

“तवा मला तसंच वाटलतं.”

सगळे हसले, सरही. मग चौघांनी मोटार उचलली. मी नमुने बाटल्यांत भरले, झाकणं दोनदा तपासली. लेबलवर नेहमीच्या जातीचं नाव लिहिलं आणि उपप्रौढाची बाटली वेगळी ठेवून तिच्यावर ‘कच्चा, पंख राखाडी’ असं मोठ्या अक्षरात लिहिलं. दुपारी हौद भरायला लागले तेव्हा आम्ही जीपची वाट बघत होतो. जनावरांचं ओरडणं थांबलं, हे आम्हाला ते थांबल्यावर लक्षात आलं.

परतीच्या वाटेत, केज यायच्या आधी सर म्हणाले, “तुम्ही पहिल्याच नराच्या वेळी खरं ते सांगून टाकलंत ते बरं केलंत. दुसऱ्यापर्यंत आशेवर ठेवलं असतं तर जास्त लागलं असतं.”

काही दिवसांनी ते पुन्हा छावणीत जायचं म्हणाले. मी पुन्हा जीपमध्ये त्यांच्या शेजारी बसले. डोहाकडे बघवत नव्हतं; मधोमध गुडघाभर पाणी आणि भोवती तडकलेला गाळ. सर काठावर गेलेच नाहीत, सरळ दावणीकडे वळले. मावशींनी लांबूनच हाक मारली.

“सर, हिकडं या! तुमची पोरं माझ्या हौदात आलीत!”

हौदाच्या हिरवट पाण्यात बारीक पिल्लं सुळसुळत होती. पाइपातून डोहाच्या पाण्याबरोबर आली असतील, नाहीतर कुणा मादीनं तिथंच अंडी टाकली असतील. मी तळहातावर दोन घेतली आणि सरांच्या डोळ्यांजवळ नेली. त्यांना दिसली नाहीत. त्यांनी बोट पुढं केलं तेव्हा एक पिल्लू त्यावर वळवळलं, ते त्यांना कळलं.

“म्हैस पिते का असलं पाणी?” त्यांनी विचारलं.

“पिती की. आधी फुर्र करून तुमच्या पोरास्नी बाजूला सारती, मंग पिती.”

“त्रास नाही ना होत?”

“कुणाचा कुणाला, सर?”

सर हौदाच्या कट्ट्यावर बसले आणि म्हैस पाणी प्यायला येईपर्यंत आम्ही थांबलो.